गाठीला रक्त मिळते कसे? नव्या रक्तवाहिन्या फुटण्यामागचे शास्त्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील कर्करोगाचा रुग्ण तपासणीसाठी बेळगाव शहरात येतो, नाहीतर सोयीनुसार मिरज, कोल्हापूर, हुबळी किंवा थेट बेंगळूर गाठतो. मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरलेला असला, तर केमोच्या सलाईनबरोबर आणखी एक औषध सुचवले जाण्याची शक्यता असते, आणि घाईगर्दीच्या ओपीडीत नातेवाइकांच्या वाट्याला त्याचे स्पष्टीकरण एका वाक्यात येते: हे औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडते. त्यावर "गाठीचं रक्तच तोडलं तर ती आपोआप वाळून जायला पाहिजे की! मग केमो कशाला?" असे कुणीतरी विचारतोच. हा प्रश्न भाबडा नाही. गेली पन्नास वर्षे नामांकित प्रयोगशाळा याच प्रश्नाच्या मागे आहेत आणि जे उत्तर हाती आले आहे, ते सरळ 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. ते समजून घ्यायचे तर आधी निरोगी शरीर नव्या रक्तवाहिन्या कशा घडवते हे पाहावे लागते, कारण गाठ या कामासाठी स्वतःची निराळी यंत्रणा उभारत नाही. जखम भरून काढणारी शरीराची यंत्रणाच ती वापरते. फक्त ती बंद होऊ देत नाही.

रक्तवाहिन्या म्हटले की डोळ्यांसमोर हाताच्या पाठीवर दिसणाऱ्या निळसर शिरा येतात, पण पेशींचे पोट भरते ते केशवाहिन्यांवर. केशवाहिनीची रुंदी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर असते, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाच्या तांबड्या पेशींना तेथून अंग चोरून, एकामागून एक जावे लागते. ऑक्सिजन या वाहिनीच्या भिंतीतून बाहेर झिरपतो, मात्र तो फार दूर पोहोचत नाही. १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच्या पेशींना तो मिळतो, त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. कूर्चा किंवा डोळ्याचा पारदर्शक पडदा असे मोजके अपवाद सोडले, तर शरीरातील जवळपास प्रत्येक जिवंत पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीच्या या टप्प्यात असते. केशवाहिन्यांतील रक्ताचे नियंत्रण कसे होते याचा शोध लावल्याबद्दल डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील साऱ्या रक्तवाहिन्या जोडल्या तर त्यांची लांबी एक लाख किलोमीटर भरेल, हा शाळाशाळांतून ठोकून दिला जाणारा आकडा क्रोग यांच्याच जुन्या अंदाजातून आलेला आहे. तो एका बलदंड माणसाचे गणित मांडून काढला होता आणि अलीकडचे हिशेब त्याच्या बरेच खाली उतरतात.

हे जाळे पहिल्यांदा विणले जाते ते आईच्या पोटात. गर्भातील काही मूळ पेशी एकत्र येऊन सुरुवातीच्या नळ्या तयार करतात, आणि पुढे त्या नळ्यांना फांद्या फुटत जातात. हे काम किती काटेकोर मापाने चालते याचा पुरावा १९९६ साली उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या 'व्हीईजीएफ' या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी केवळ एक काढून टाकली, तरी गर्भ पोटातच दगावला. प्रथिन निम्मे होते, शून्य नव्हे, आणि तेवढी तूटही जिवावर बेतली.

जन्मानंतर आणि वाढ पूर्ण झाल्यावर हे काम जवळजवळ थांबते. रक्तवाहिन्यांना आतून अस्तर लावणाऱ्या एंडोथेलियल पेशी महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे विभाजन न पावता बसून असतात. प्रौढ शरीरात त्यांना जाग येते ती ठरावीक प्रसंगी: दर महिन्याला गर्भाशयाचे अस्तर पुन्हा बांधताना, बीजकोशात स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर, गरोदरपणी वार तयार होताना, नियमित श्रमाने स्नायू वाढताना, आणि जखम झाल्यावर. यांतील जखम ही प्रत्येकाने पाहिलेली असल्याने तेवढीच जरा जवळून पाहू.

खानापूर तालुक्यात सुगीच्या दिवसांत भातकापणी करताना विळा बोटाला लागणे यात नवल काही नाही. घाव खोल असला की रक्त गोठते, पहिले दोन-तीन दिवस जागा सुजते, ठणकते, पांढऱ्या पेशी आतली घाण साफ करीत असतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दवाखान्यात पट्टी सोडली की जखमेच्या तळाशी लालभडक, ओलसर, बारीक दाणेदार मांस दिसू लागते. पट्टीचे कापड चिकटले असेल आणि ओढून काढले, तर त्या दाण्यांवर रक्ताचे टिपूस उमटतात. ड्रेसिंग करणाऱ्या अनुभवी परिचारिकेला हे टिपूस पाहून बरे वाटते, कारण त्यातील प्रत्येक दाणा म्हणजे नुकत्याच फुटलेल्या केशवाहिन्यांचा एक वेटोळा असतो आणि जखम भरू लागल्याची ती खूण असते. पुढच्या काही आठवड्यांत वरून कातडी येते, लाली ओसरते आणि वर्षभरात तेथे आजूबाजूपेक्षा फिकट असा वण उरतो. तो फिकट असतो, कारण भराच्या काळात फुटलेल्या बहुतेक केशवाहिन्या काम संपल्यावर शरीराने स्वतःच मोडून टाकलेल्या असतात. पुढे कर्करोगाकडे वळताना हे मोडून टाकणे ध्यानात असू द्यावे.

जखमेतील पेशींना 'येथे रक्त कमी पडते आहे' हे कळते कसे, याचा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. युक्ती मोठी खर्चिक वाटावी अशी आहे. प्रत्येक पेशी एचआयएफ नावाचे एक प्रथिन सतत बनवत असते आणि तितक्याच सातत्याने ते मोडतही असते. ऑक्सिजन पुरेसा असला की या प्रथिनावर एक रासायनिक बदल घडतो, व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन तो बदल ओळखते, आणि एचआयएफ काही मिनिटांतच नष्ट केले जाते. ऑक्सिजन घटला की तो बदल घडत नाही. एचआयएफ साचते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि टंचाईत उपयोगी पडणारी अनेक जनुके चालू करते. व्हीईजीएफचे जनुक त्यांतलेच एक. आता सतत बनवून सतत मोडण्यात पेशीची ऊर्जा वाया जाते हे खरे, पण त्यामुळे ऑक्सिजन घटल्याक्षणी प्रथिन नव्याने बनवायला वेळ घालवावा लागत नाही. नुसते मोडणे थांबवले की काम झाले. तितक्याच झटपट ते उलटही फिरते.

व्हीईजीएफ बाहेर पडून जवळच्या केशवाहिनीपर्यंत पोहोचते आणि तिच्या अस्तरातील पेशींवरच्या ग्राहींना, म्हणजे इशारा टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते. सगळ्याच पेशी एकदम उठून निघाल्या तर वाहिनीची भिंतच उसवून जाईल, म्हणून येथे एक सुंदर व्यवस्था आहे. ज्या पेशीला इशारा किंचित अधिक तीव्रतेने मिळतो ती अग्रपेशी बनते आणि शेजारच्या पेशींना, 'नॉच' नावाच्या संदेशमार्गाने, आपल्यासारखे होण्यापासून रोखते. अग्रपेशी स्वतः सहसा विभागत नाही. तिला बोटांसारखे अतिशय बारीक तंतू फुटतात. त्या तंतूंनी व्हीईजीएफ कोणत्या बाजूला जास्त आहे हे चाचपत ती सरकत जाते, आणि वाटेतील आधारद्रव्य विरघळवणारी विकरे मार्ग मोकळा करतात. मागच्या पेशी विभागत विभागत नळी लांबवतात. नवजात उंदराच्या डोळ्यातील मागच्या पडद्यावर (रेटिनावर) हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, आणि तेथे दिसून आले की अग्रपेशीचे पद कायमचे नसते. मागची पेशी पुढे सरकून ते घेते, पुढची मागे पडते. अशी एक फांदी दुसऱ्या फांदीला भेटली की दोन्हींची टोके जुळतात, आत पोकळी उघडते आणि रक्त वाहू लागते.

रक्त वाहू लागले, तरी वाहिनी अजून कच्चीच असते. तिची भिंत गळकी असते, कारण व्हीईजीएफ फांद्या फोडते त्याचबरोबर पेशींमधले सांधेही सैल करते. किंबहुना हे प्रथिन पहिल्यांदा हाती लागले ते या गळतीमुळेच: १९८३ मध्ये बोस्टनमध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने गाठींतून बाहेर पडणारा, रक्तवाहिन्या गळक्या करणारा एक घटक वर्णिला, आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलियन फेरारा यांनी वेगळ्या वाटेने शोधलेले रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन तेच निघाले. कच्ची वाहिनी पक्की व्हायची तर तिच्याभोवती पेरिसाइट नावाच्या पेशींनी येऊन तिला बाहेरून कवटाळावे लागते. त्या आल्या, नवा आधारथर बसला, की वाहिनी स्थिरावते आणि व्हीईजीएफ नसतानाही टिकते. दरम्यान रक्ताबरोबर ऑक्सिजन पोहोचल्याने एचआयएफ पुन्हा मोडले जाऊ लागते, व्हीईजीएफ आटते, आणि ज्या फांद्यांना पेरिसाइटांचा आधार मिळाला नाही त्या सुकून जातात. थोडक्यात, निरोगी शरीरात मागणी पूर्ण होणे हीच मागणी थांबवण्याची सूचना असते.

कर्करोगात बिघडते ते नेमके येथे. बोस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले की, गाठीने नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्या नाहीत तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही, म्हणून या वाहिन्याच रोखणे हा उपचार होऊ शकतो. त्यांच्या या विचाराचे मूळ साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका प्रयोगात होते. अमेरिकेच्या नौदलात नोकरीला असताना, शरीराबाहेर काढून काचेच्या उपकरणात जिवंत ठेवलेल्या सशाच्या थायरॉइड ग्रंथीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या कर्करोगपेशी सोडल्या. त्या पेशी वाढून टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या मात्र नव्हत्या; त्याच पेशी जिवंत उंदरात घालताच मोठ्या गाठी झाल्या. उपकरणातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटू शकत नव्हत्या, उंदरात फुटत होत्या. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे केवळ सुजेचा परिणाम, असे मानणाऱ्या तेव्हाच्या जाणकारांनी त्यांची कित्येक वर्षे टिंगल केली. शल्यचिकित्सकाने जिवंत माणसाच्या पोटातील रक्ताळलेली गाठ हाताळलेली असते आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञापुढे ती रक्त निथळून गेल्यावर येते, हा फरक या मतभेदात बराच कामाचा होता असे मला वाटते.

दुसऱ्याच कारणाने मृत्यू पावलेल्या लोकांच्या शवविच्छेदनात थायरॉइडसारख्या ग्रंथींत कर्करोगाचे अगदी बारीक ठिपके सापडणे ही सामान्य बाब आहे. त्या माणसांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागलेला नसतो. असा ठिपका वाढून घातक का होतो याची कारणे अनेक आहेत, आणि रक्तपुरवठा मिळवणे हे त्यांतले एक मोठे आहे. गाठ वाढली की तिच्या मधल्या पेशी गुदमरतात, एचआयएफ साचते, व्हीईजीएफ सुटते. येथपर्यंत सारे जखमेसारखेच. पण काही गाठींना ऑक्सिजनच्या टंचाईचे निमित्तही लागत नाही. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात वर उल्लेखिलेले व्हीएचएल प्रथिनच बहुधा निकामी झालेले असते, त्यामुळे एचआयएफ मोडले जात नाही आणि भरपूर ऑक्सिजन असतानाही पेशी सतत टंचाईचा इशारा देत राहतात. त्या गाठी शस्त्रक्रियेत इतक्या रक्ताळलेल्या का असतात आणि रक्तवाहिन्या रोखणारी औषधे त्यांवर तुलनेने चांगली का चालतात, याचे उत्तर तेथे आहे. शिवाय गाठीभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी, ज्या जखमेत दुरुस्तीचे काम करतात, येथेही दुरुस्ती समजून व्हीईजीएफची भर घालत असतात. ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला कधीही न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली होती ती यासाठीच.

इशारा थांबत नसल्याने गाठीतील रक्तवाहिन्या कधीच पक्क्या होत नाहीत. कुठे फुगलेल्या, कुठे आवळलेल्या, वेड्यावाकड्या वळणांच्या, मध्येच आंधळ्या टोकाला संपणाऱ्या, आणि पेरिसाइट सैल बसल्याने सर्वत्र गळक्या. घटप्रभेच्या कालव्यावर ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन उमगेल: चारीला जागोजागी भगदाडे पडली आणि सऱ्यांचे उतार चुकले, तर वरच्या अंगाला पाणी साचून चिखल होतो, शेवटच्या सरीतला ऊस वाळतो, आणि चारीत पाणी वाढवून सोडले तर फक्त चिखल वाढतो. गाठीतही गळलेल्या द्रवाने आतला दाब चढतो, त्या दाबामुळे केमोचे औषध रक्तातून गाठीच्या मध्यापर्यंत नीट शिरत नाही, आणि काही भाग गुदमरलेलेच राहतात. किरणोपचाराची, म्हणजे आपल्याकडे ज्याला लाईट देणे म्हणतात त्याची, परिणामकारकता बरीचशी ऑक्सिजनवर अवलंबून असते. गुदमरलेल्या पेशी त्या किरणांना दाद देत नाहीत. म्हणजे गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि तरीही रक्तपुरवठा वाईट असतो.

तंबाखूच्या निपाणीपासून हा विषय लांब नाही. निकोटिनमुळे प्राण्यांमध्ये नव्या रक्तवाहिन्या फुटणे वाढते आणि असलेल्या गाठी वेगाने वाढतात, हे २००१ मध्ये प्रयोगांत दाखवले गेले. गंमत अशी की तंबाखू सेवन करणाऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या जखमा मात्र उशिरा भरतात, कारण निकोटिन लहान रक्तवाहिन्या आवळते आणि धूम्रपानातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. तंबाखू मुळात कर्करोग घडवते ती तिच्यातील इतर रसायनांनी जनुके बिघडवून. निकोटिनची ही कामगिरी त्यावरची भर. तंबाखूची गोळी किंवा मिश्री जेथे रोज धरली जाते तेथील व्रण तीन आठवडे उलटूनही भरत नसेल, कडा टणक लागत असतील, जरासा स्पर्श होताच रक्त येत असेल, तर तो दाखवावाच. तेथेही जखमेसारख्याच ठिसूळ, नव्या केशवाहिन्या असतात, पण भरून येण्याची खूण नसते. काही मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीच्या तपासणीत निळा आणि हिरवा असे दोनच निवडक प्रकाश वापरतात. हे प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे श्लेष्मल त्वचेतील केशवाहिन्यांचे बदललेले वेटोळे तपकिरी ठिपक्यांसारखे उठून दिसतात आणि तुकडा नेमका कोठून घ्यायचा हे ठरवणे सोपे जाते. रक्तवाहिन्या रोखणारी औषधे मात्र तोंडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात नाहीत.

आता त्या औषधांकडे. व्हीईजीएफला पकडून निष्क्रिय करणारे बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. ज्या चाचणीच्या आधारे ते मंजूर झाले, तिच्यात नुसत्या केमोवर असलेल्या गटातील निम्मे रुग्ण १५.६ महिने जगले, औषध जोडलेल्या गटातील निम्मे २०.३ महिने. गर्भाशयमुखाच्या पसरलेल्या किंवा उलटलेल्या कर्करोगात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे १३.३ आणि १७ महिने असे होते. पेशीच्या आत शिरून व्हीईजीएफच्या ग्राहींचे काम अडवणाऱ्या सोराफेनिब, सुनिटिनिब यांसारख्या गोळ्या २००५ आणि २००६ पासून मूत्रपिंडाच्या, पुढे यकृताच्या कर्करोगात आल्या. स्तनाच्या कर्करोगासाठी बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००८ मध्ये दिलेली मंजुरी मात्र २०११ मध्ये काढून घेण्यात आली, कारण रुग्णांचे आयुष्य वाढत असल्याचे सिद्ध झाले नाही आणि दुष्परिणाम तर होतच होते. भारतात या औषधाच्या स्वस्त देशी आवृत्त्या निघाल्या. बेंगळूरच्या बायोकॉनने २०१७ मध्ये आणलेले 'क्राबेवा' हे त्यांपैकी एक. स्वस्त म्हणजे सामान्य घराला परवडणारे असे नव्हे, त्यामुळे मिळणारा फायदा महिन्यांच्या हिशेबातला आहे हे आधीच स्पष्ट सांगितले जाणे मला आवश्यक वाटते. कर्ज काढायचे की नाही हे घरच्यांनी त्यानंतर ठरवावे.

रक्त तोडूनही गाठ वाळत का नाही, याची कारणे एकाहून अधिक आहेत. व्हीईजीएफ अडवले की गाठ दुसऱ्या वाढीच्या प्रथिनांकडे वळते. शरीरात अशी डझनभर तरी आहेत. फुप्फुस, यकृत, मेंदू यांसारख्या आधीच भरपूर रक्तवाहिन्या असलेल्या अवयवांत काही गाठी नव्या वाहिन्या फोडण्याच्या भानगडीतच पडत नाहीत, असलेल्या वाहिन्यांना लगटून वाढतात, आणि तेथे हे औषध कशाला अडवणार? ज्या वाहिन्यांभोवती पेरिसाइट बसलेले असतात त्या व्हीईजीएफशिवायही तग धरतात. आणि वाहिन्या फारच छाटल्या गेल्या, तर उरलेला भाग अधिक गुदमरतो, एचआयएफ अधिक साचते, आणि केमो तेथे पोहोचण्याची वाटही बंद होते.

मग औषधाचा जो काही उपयोग होतो तो कशाने? आयआयटी कानपूरमधून रसायन अभियांत्रिकी शिकलेले आणि पुढे बोस्टनमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळाच विचार मांडला. योग्य मात्रेत दिलेले औषध गाठीच्या वाहिन्या नष्ट करण्याआधी काही काळ त्यांना ताळ्यावर आणते: अतिरिक्त कच्च्या फांद्या गळतात, उरलेल्यांची गळती कमी होते, आतला दाब उतरतो, रक्त सरळ वाहते आणि त्याबरोबर केमोचे औषध व ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचतो. ही संधी मर्यादित काळापुरती असते आणि प्रत्येक गाठीत सारखी नसते. आतड्याच्या कर्करोगात बेव्हॅसिझुमॅब एकटे देऊन फारसे हाती लागत नाही आणि केमोबरोबर दिले की फायदा दिसतो, याचे हे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. यकृताच्या कर्करोगात २०२० पासून ते प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाबरोबर दिले जाते. तेथेही आडाखा असाच आहे की नीट झालेल्या वाहिन्यांतून लढाऊ पांढऱ्या पेशींना आत शिरायला वाट मिळते.

या क्षेत्राने मोठ्या आशा आणि मोठे फुगे दोन्ही पाहिले. १९९८ साली फोकमन यांच्या प्रयोगशाळेतील एंडोस्टॅटिन या पदार्थाने उंदरांच्या गाठी आटल्याची बातमी अमेरिकेत पहिल्या पानावर आली आणि रुग्णांच्या फोनची रीघ लागली. माणसांवरील सुरुवातीच्या अमेरिकी चाचण्यांत मात्र तसे काही घडले नाही. थॅलिडोमाइडचे उलटे झाले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस हजारो बाळांना हातापायांविना जन्माला घालणारे हे औषध नव्या रक्तवाहिन्या रोखते असे १९९४ मध्ये सशाच्या डोळ्यावर दिसले, त्या धाग्याने ते मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात वापरून पाहिले गेले आणि उपयोगी ठरले. पुढे कळले की तेथे ते प्रामुख्याने अगदी वेगळ्या मार्गाने काम करते. शेजारच्या सांगलीची हळद मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत रक्तवाहिन्या रोखणारी म्हणून गाजते. हळदीतील कुरकुमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर तसे करते हे खरे. पण खाल्लेले कुरकुमिन रक्तात नगण्य प्रमाणात पोहोचते, आणि त्याच्या भरवशावर उपचार लांबवणे घातक आहे.

ही यंत्रणा किती स्थानिक असते हे पाहायचे तर मधुमेहाकडे पाहावे. दीर्घकाळ साखर चढलेल्या एकाच माणसाच्या डोळ्यात नको तितक्या आणि पायात हव्या त्याहून कमी रक्तवाहिन्या असू शकतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातील बारीक वाहिन्या बंद पडतात, पडदा गुदमरून व्हीईजीएफ सोडतो आणि पृष्ठभागावर ठिसूळ फांद्यांचे जाळे उगवते. त्यांतून रक्त सांडले की नजर एकाएकी झाकोळते. त्याच माणसाच्या पायाची जखम मात्र दाणेदार मांस न धरता महिनोन्महिने फिकट पडून राहते. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ व्हीईजीएफ अडवणारे औषध रक्तात न देता अगदी थोड्या मात्रेत थेट डोळ्यात टोचतात. या कामात ते कर्करोगापेक्षा कितीतरी खात्रीने चालते, कारण डोळ्यातील पेशी गाठीप्रमाणे पळवाटा शोधत उत्क्रांत होत नाहीत.

कर्करोगासाठी तेच औषध शिरेतून दिले की ते सगळ्या शरीराचे व्हीईजीएफ अडवते. मूत्रपिंडातील गाळणीला ते प्रथिन रोज लागते, म्हणून रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. गरोदरपणी काही बायकांचे पाय सुजून, रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने दिसतात, त्या आजारातही वारेतून सुटणारा एक घटक व्हीईजीएफला अडकवून ठेवत असतो, हे अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये बोस्टनमध्ये दाखवले. बाळाची वार आणि कर्करोगाचे औषध एकाच ठिकाणी घाव घालतात. म्हणून प्रत्येक सलाईनच्या आधी रक्तदाब पाहणे आणि ठरावीक अंतराने लघवी तपासणे टाळू नये. जखमा भरण्याची यंत्रणाही अर्थातच याच औषधाने अडते. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे २० दिवस लागतात, त्यामुळे ठरवून करायची मोठी शस्त्रक्रिया शेवटच्या सलाईननंतर किमान २८ दिवस पुढे ढकलतात, आणि शस्त्रक्रियेनंतरही निदान तितके दिवस जाऊन जखम पूर्ण भरेपर्यंत औषध पुन्हा सुरू करीत नाहीत. दात काढायचा असला तरी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे, कारण जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. गावातील दवाखान्यात अशा वेळी नुसते 'केमो चालू आहे' म्हणून भागत नाही. औषधाचे नाव आणि शेवटच्या सलाईनची तारीख असलेला कागद दाखवावा. आणि उपचार चालू असताना पोटात एकाएकी जोराची कळ उठली, तर पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. क्वचित का होईना, या औषधाने आतड्याला छिद्र पडते, आणि तशा रुग्णाला रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.